शोकाचा लयबंध : मराठी विलापिकेतील छंद, यमक आणि पुनरावृत्ती

१

विलापिकेच्या समीक्षेत एक आक्षेप वेगवेगळ्या वेषांत परत येत राहिला आहे. शोक खरा असेल तर शोक करणाऱ्याला मात्रा मोजण्याची आणि यमके जुळवण्याची सवड कशी मिळते, हा तो आक्षेप होय. अठराव्या शतकात डॉ. सॅम्युएल जॉन्सन याने मिल्टनच्या 'लिसिडास'वर लिहिताना, खऱ्या दुःखाला कल्पिताच्या मागे जाण्याइतकी उसंत नसते, अशा आशयाचे मत मांडले. मराठीत अनिलांच्या मुक्तछंदाने काव्यरचनेला नवे वळण दिल्यानंतर हाच आक्षेप नव्या रूपात रूढ झाला. छंद म्हणजे बंधन, अनुभूती म्हणजे मुक्त प्रवाह, आणि म्हणून उत्कट दुःखाचे स्वाभाविक माध्यम मुक्त रचनाच असणार, असे एक समीकरण अध्यापनात आणि परीक्षणलेखनात नकळत स्थिरावले. त्याचा परिणाम असा, की विलापिका शिकवताना करुणरसाची चर्चा होते, कवीच्या चरित्रातील दुःखद प्रसंगाचा उल्लेख होतो आणि छंदाचे नाव एका वाक्यात सांगून विषय संपतो.

मराठीतील रसचर्चेने हा प्रश्न सोडवला आहे असेही म्हणता येत नाही. के. ना. वाटवे यांच्या 'रसविमर्श'पासून (१९४२) पुढे करुणाचा आस्वाद सुखद कसा होतो, हा प्रश्न विस्ताराने चर्चिला गेला. परंतु ती चर्चा प्रामुख्याने रसिकाच्या मनोव्यापाराची होती. शोक जेव्हा अक्षरसंख्येत, मात्रांत आणि यमकांत मांडला जातो तेव्हा त्या मांडणीचे शोकाशी नाते काय, हा प्रश्न छंदःशास्त्राकडे ढकलला गेला. छंदःशास्त्राने, म्हणजे माधव जूलियन यांच्या 'छंदोरचने'ने आणि ना. ग. जोशी यांच्या लयविचाराने, रचनेचे वर्गीकरण अत्यंत सूक्ष्मपणे केले. आशयाशी असलेला संबंध मात्र समीक्षेवर सोपवला. दोन शास्त्रांच्या मधल्या या मोकळ्या जागेत विलापिकेचा मूळ प्रश्न पडून राहिला.

या प्रश्नाचा विचार करताना छंद, यमक आणि पुनरावृत्ती या तीन घटकांना 'बाह्यांग' अशा एकाच शीर्षकाखाली एकत्र करणे ही पहिली अडचण ठरते. काळाशी या तिघांचे वर्तन भिन्न आहे. छंद काळाचे सारखे भाग पाडतो आणि पुढचा भाग येणारच, अशी हमी देतो. यमक एक ध्वनी उच्चारून त्याच्या जोडीदाराची वाट पाहायला लावते, म्हणजे ते श्रोत्याला पुढे खेचते. पुनरावृत्ती याच्या उलट दिशेने काम करते. जे होऊन गेले आहे ते ती पुन्हा उपस्थित करते आणि काळाला पुढे जाऊ देत नाही. मृत्यू म्हणजे पुन्हा न घडणारी, मागे न फिरवता येणारी घटना. अशा घटनेविषयी बोलणाऱ्या कवितेत पुढे नेणाऱ्या आणि मागे खेचणाऱ्या या शक्तींचा परस्परसंबंध हाच आशय होऊन बसतो. विलापिकेतील शोक लयीच्या 'आत' भरलेला नसतो. या शक्तींच्या ताणातून तो घडतो, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रमेय आहे.

२

प्रथम छंदाचा विचार. संस्कृत महाकाव्यांत विलापासाठी एक विशिष्ट वृत्त रूढ झालेले दिसते. 'कुमारसंभवा'च्या चौथ्या सर्गातील रतिविलाप आणि 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गातील अजविलाप हे दोन्ही कालिदासाने एकाच वृत्तात रचले. ते वृत्त पुढे 'वियोगिनी' या नावाने ओळखले गेले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. वियोगिनी हे अर्धसमवृत्त आहे. त्याच्या विषम चरणांत दहा आणि सम चरणांत अकरा अक्षरे असतात. कान एका मापाला सरावतो न सरावतो तोच ते माप बदलते. ग्रीक-लॅटिन परंपरेत 'एलिजी' हे नावही मुळात विषयाचे नव्हते, द्विपदीच्या घाटाचे होते; षट्गणी चरणामागून पंचगणी चरण येणारी ती रचना होती. तेथे दुसरा चरण आखूड होतो, येथे तो एका अक्षराने वाढतो. या दोन परंपरांत ऋणानुबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु परस्परांशी संबंध नसलेल्या दोन काव्यपरंपरांनी असमान चरणांच्या जोडीला विलापाशी जोडावे, यातून छंद हा भावनेवर चढवलेला तटस्थ साचा नसतो एवढे तरी सूचित होते.

संस्कृतातील हे विलाप अंत्ययमकाविना आहेत. मराठीने संस्कृत वृत्ते घेतली तेव्हा त्यांना यमकाची जोड दिली आणि त्याबरोबर त्यांची गतीही बदलली. रेव्हरंड ना. वा. टिळक यांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. रक्तबंबाळ पक्षिणी घरट्याकडे परतते आणि पिलांशी अखेरचे बोलते, असा तिचा विषय. कवितेचे वृत्त पृथ्वी, सतरा अक्षरांचे. हेच वृत्त मोरोपंतांनी 'केकावली'साठी वापरले होते. 'केका' म्हणजे मोराचा टाहो. मोरोपंतांचा भक्त मेघश्याम परमेश्वराला त्या स्वराने आळवतो. मराठी वाचकाच्या कानात पृथ्वी वृत्त म्हणजे करुणा भाकणाऱ्या पक्ष्याचा स्वर, असा संस्कार टिळकांच्या आधीच घडून गेलेला होता. टिळकांची पक्षिणी त्या स्वरात बोलू लागते तेव्हा वृत्त स्वतःच एक पूर्वस्मृती घेऊन येते. मात्र 'केकावली'त हाक ऐकणारा समर्थ आहे, टिळकांच्या कवितेत ऐकणारी पिले असहाय आहेत. शब्दांत कोठेही न सांगितलेला हा विरोध वृत्तसाम्यामुळे जाणवतो.

या कवितेत ध्रुवपद नाही. यमके दोन-दोन चरणांची आहेत. जोडी जुळली की ती मिटते आणि पुढची सुरू होते. कविता कथनात्म आहे आणि तिची गती मृत्यूकडे जाणारी आहे. मरणाऱ्या व्यक्तीच्या तोंडी असलेल्या विलापाला मागे फिरण्यास वेळ नसतो. म्हणून पुढे नेणारी यमकाची शक्ती येथे प्रधान आहे. मागे उरलेल्या व्यक्तीचा विलाप याहून वेगळा असतो, आणि तेथे पुनरावृत्तीचा अधिकार सुरू होतो.

३

मागे उरलेल्याचा विलाप मराठीत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसतो तो नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. तो प्रसंग आणि त्यानंतर भावंडांनी एकामागून एक घेतलेला निरोप हा या अभंगमालेचा विषय आहे. नामदेवांच्या गाथेतील कर्तृत्वाचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे; येथे अभंगमालेचा विचार परंपरेने जपलेली एक संहिता म्हणून करणे पुरेसे आहे.

मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा चरण असतो. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत पडते. म्हणजे यमकाची पूर्ती कडवे संपण्याआधीच होऊन जाते आणि नंतर चार अक्षरांचा एक तुकडा उरतो, ज्याला कोणाशीही जुळायचे नसते. प्रापंचिक उपदेशाच्या अभंगात हा तुकडा निष्कर्षासारखा येतो. समाधीच्या अभंगांत तोच तुकडा श्वास संपल्यासारखा भासतो. छंद एकच आहे, परंतु आशयाच्या सान्निध्यात त्याच्या एका अंगाचे कार्य पालटते. छंदाला स्वतःचा असा ठरीव भाव नसतो, पण काही भावांना जागा करून देण्याची क्षमता त्याच्या रचनेत असते, असा याचा अर्थ.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या अखेरीस 'नामा म्हणे' ही मुद्रा येणे हा संप्रदायाचा संकेत आहे. ती कर्तृत्वाची खूण मानली जाते. परंतु सलग अभंगमालेत ही मुद्रा दर काही कडव्यांनी परतते तेव्हा तिला वेगळा अर्थ प्राप्त होतो. अभंगात ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, निवृत्ती ही नावे एकेक करून दृष्टीआड होत जातात, आणि प्रत्येक अभंगाच्या अखेरीस उरते ते एकच नाव, सांगणाऱ्याचे. संकेत म्हणून आलेली पुनरावृत्ती येथे मागे उरण्याची वेदना होते. पुनरावृत्त शब्द तोच. भोवतालची नावे कमी होत गेल्यामुळे त्याचे वजन वाढत जाते.

येथे आणखी एक ताण आहे. वारकरी श्रद्धेनुसार ही संजीवन समाधी आहे. ज्ञानेश्वर मृत झालेले नाहीत. तरीही अभंग रडतात. सिद्धान्त मृत्यू नाकारतो आणि लय तो मान्य करते. मराठी विलापिकेत नकार आणि स्वीकृती यांचे असे द्वंद्व प्रारंभापासून आहे, आणि ते विधानांतून जितके व्यक्त होते त्याहून अधिक रचनेतून व्यक्त होते. विसाव्या शतकातील एका कवितेने या द्वंद्वाला पूर्ण नाट्यरूप दिले.

४

राम गणेश गडकरी (१८८५-१९१९) यांनी गोविंदाग्रज या नावाने लिहिलेली 'राजहंस माझा निजला' ही कविता 'वाग्वैजयंती'त (१९२१) समाविष्ट आहे. तरुण विधवेचे मूल तिच्या मांडीवर मरण पावले आहे. लोक ते न्यायला आले आहेत. ते झोपले आहे असे ती म्हणते. भावविवशतेचा नमुना म्हणून या कवितेकडे पाहण्याची प्रथा आहे, आणि गडकऱ्यांच्या शैलीतील अतिशयोक्तीकडे बोट दाखवून तिला बाजूला सारणे सोपे जाते. तिच्या लयबंधाचे विश्लेषण केल्यास मात्र वेगळे चित्र दिसते.

शीर्षक हेच कवितेचे ध्रुवपद आहे. त्याच्या मात्रा चौदा. आठ आणि सहा अशी त्यांची विभागणी होते. आठ मात्रांचे आवर्तन हे मराठी जातिरचनेतील परिचित पद्मावर्तन. दुसऱ्या आवर्तनात सहा मात्रा उच्चारल्या जातात आणि दोन मात्रांची जागा रिकामी राहते. चरणागणिक येणारा हा दोन मात्रांचा विराम सामान्य गीतात श्वास घेण्यापुरता असतो. झोपलेल्या मुलाचा श्वास चालू आहे की नाही हाच ज्या कवितेचा प्रश्न आहे, तेथे प्रत्येक चरणानंतरची निःशब्द जागा ऐकू येऊ लागते. पद्मावर्तन असंख्य गीतांत आढळते, त्यामुळे हा परिणाम एकट्या आवर्तनाचा मानता येणार नाही; आशय आणि आवर्तन यांच्या गाठभेटीतून तो निर्माण होतो.

कडव्याची बांधणीही लक्षणीय आहे. आधी दोन-दोन खंडांचे लांब चरण एका यमकात बांधलेले. मग तीन आखूड चरण दुसऱ्या यमकात. आणि शेवटी ध्रुवपदाशी यमक जुळवणारा एक चरण, ज्याच्या पाठोपाठ ध्रुवपद येते. म्हणजे प्रत्येक कडव्यात दोन नवी यमके सुरू होऊन पूर्ण होतात. लोकांचे म्हणणे, आईचे समर्थन, युक्तिवाद या यमकांच्या बळावर पुढे सरकतो. तिसरे यमक मात्र नवे नसते. सगळा युक्तिवाद कोठेही गेला तरी त्याला 'ला' या एकाच ध्वनीशी परत यावे लागते. लांब चरण, मग आखूड चरण, मग ध्रुवपद असे क्षेत्र आकुंचित होत जाते. आई बाळाला जवळ ओढून घेत असावी तशी ही रचना प्रत्येक कडव्यात आवळत जाते.

या 'ला'चे मराठी व्याकरणातील स्थान ध्यानात घेतले पाहिजे. 'निजला' हे पुल्लिंगी एकवचनी भूतकालवाचक रूप आहे. 'गेला', 'मेला' ही रूपेही तशीच. जो शब्द आई तोंडातून काढू देत नाही तो शब्द आणि ज्या शब्दाला ती चिकटून आहे तो शब्द हे दोन्ही एकाच प्रत्ययाने संपतात, एकमेकांशी यमकाने जुळतात. नाकारलेला शब्द न उच्चारताही श्रोत्याच्या कानात ध्वनित होत राहतो. शिवाय 'निजला' हे रूप क्रिया पूर्ण झाल्याचे सांगते आणि तिची परिणत अवस्था अजून चालू असल्याचेही सूचित करते. 'मेला' हे रूपही तंतोतंत तेच करते. दोन विधानांत व्याकरणाचा किंचितही भेद नाही. भेद फक्त पुढे काय होणार याचा आहे: निजलेला उठतो. ध्रुवपद पुनःपुन्हा येते ते या 'पुढे'ला रोखून धरण्यासाठी. जोपर्यंत तेच वाक्य म्हटले जात आहे तोपर्यंत उठण्याची वेळ झालेली नाही, आणि तोपर्यंत तो उठला नाही असेही सिद्ध होत नाही.

कवितेच्या आरंभी निवेदक हे शब्द कोणाचे आहेत असा प्रश्न करतो. ध्रुवपद प्रथम येते ते दुसऱ्याचे ऐकलेले वाक्य म्हणून. पुढे ते आईचे स्वतःचे वाक्य होते. ध्रुवपदातील एकही अक्षर बदलत नाही, पण आरंभी श्रोता बाहेर उभा आहे आणि शेवटी तो आईच्या वाक्याच्या आत अडकला आहे. ती भ्रमिष्ट आहे हे ठाऊक असूनही तिचे वाक्य म्हणण्यात तो सहभागी होतो, कारण कडव्याच्या यमकाने त्या वाक्याची अपेक्षा त्याच्याही मनात निर्माण केलेली असते. वेडाचे वर्णन करणे आणि श्रोत्याला वेडाच्या तर्कात सामील करून घेणे यांतील अंतर या कवितेने ध्रुवपदाच्या साह्याने ओलांडले आहे.

हे शक्य झाले याचे कारण विलापिकेच्या खाली दुसरा एक काव्यप्रकार लपलेला आहे, आणि तो म्हणजे अंगाई. अंगाईतही तेच ते ध्वनी पुनःपुन्हा येतात; मूल झोपावे हे त्या पुनरावृत्तीचे प्रयोजन. मूल झोपले की अंगाई थांबते. थांबणे हेच तिचे यश. गडकऱ्यांच्या कवितेत मूल झोपले आहे असे सांगितले जाते आणि तरीही पुनरावृत्ती थांबत नाही. थांबण्याची वेळ टळून गेलेली अंगाई म्हणजे ही विलापिका. फ्रॉइडने १९२० मध्ये आपल्या नातवाच्या एका खेळाचे वर्णन केले होते. आई दृष्टीआड झाली असता तो दोऱ्याचे रीळ दूर फेकून पुन्हा ओढून घेई. दूर जाण्याचे दुःख पुनरावृत्तीने आटोक्यात आणण्याचा तो प्रयत्न होता, असे फ्रॉइडचे स्पष्टीकरण. गडकऱ्यांच्या कवितेत भूमिका उलटल्या आहेत. रीळ आईच्या हातात आहे आणि ते परत येत नाही.

५

गडकऱ्यांचे ध्रुवपद कडव्याच्या शेवटी स्थिर आहे. पुनरावृत्ती स्थिर न राहता सरकत गेली तर शोकाचे रूप काय होते, याचे उत्तर मराठीबाहेरच्या एका विलापिकेत सापडते. डॅनिश कवयित्री इंगर ख्रिस्टेन्सन (१९३५-२००९) हिची 'सॉमरफूलेडालेन' म्हणजे 'फुलपाखरांचे खोरे' ही रचना १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला उपशीर्षक आहे 'एक रिक्विएम'. मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनासंगीताचे ते नाव. रचना सुनीतमालेची आहे. एका सुनीताची शेवटची ओळ पुढच्या सुनीताची पहिली ओळ होते. चौदाव्या सुनीताची शेवटची ओळ पहिल्याच्या आरंभाशी जुळते. आणि पंधरावे सुनीत आधीच्या चौदा सुनीतांच्या पहिल्या ओळींनी बनते. या नियमानुसार दोनशे दहा ओळींपैकी चौदा ओळी प्रत्येकी तीन वेळा येतात.

येथे पुनरावृत्तीचे प्रयोजन गडकऱ्यांहून वेगळे आहे. शेवट म्हणून ऐकलेली ओळ क्षणभरात आरंभ म्हणून ऐकावी लागते. एका सुनीताने जे मिटवले ते दुसरे उघडते. उन्हातून उडणारी फुलपाखरे, बालपणाच्या आठवणी, मृत माणसे यांची एक साखळी तयार होते, आणि त्या साखळीत मृत्यू हा अंत आहे की रूपान्तर, हा प्रश्न प्रत्येक सांध्यावर नव्याने उभा राहतो. सुरवंट, कोश, पाखरू हा विषय आणि ओळीचे शेवटातून आरंभात होणारे रूपान्तर हा घाट यांची येथे गाठ पडते. पंधराव्या सुनीतात एकही ओळ नवी नसते. वाचकाने ती सर्व आधी ऐकलेली असतात. तरी त्यांचा नवा क्रम नवा अर्थ देतो. जे होऊन गेले त्यातूनच सांत्वन रचावे लागते, बाहेरून नवे काही येणार नाही, हे विलापिकेचे सत्य या सुनीताच्या बांधणीत उतरले आहे.

मराठी वाचकाला या साखळीचे तत्त्व अपरिचित नाही. चरणान्तीची अक्षरे पुढील चरणाच्या आरंभी आणणारे दामयमक आपल्या पंडिती कवितेत रूढ होते; मोरोपंतांनी तर 'दामरामायण' रचले. मोरोपंतांच्या ठिकाणी ही साखळी शब्दप्रभुत्वाचा विक्रम आहे. कथा कोणतीही असो, ती साखळीत ओवता येते हे दाखवणे तिचे प्रयोजन. ख्रिस्टेन्सनच्या ठिकाणी तीच साखळी काढून घेतली तर विषयच नाहीसा होतो. एकच रचनातत्त्व एका ठिकाणी अलंकार राहते आणि दुसऱ्या ठिकाणी अर्थ होते. जॉन्सनच्या आक्षेपाला खरे उत्तर यात आहे. कृत्रिमता किती, हा प्रश्न निरुपयोगी आहे. सुनीतमालेइतकी कृत्रिम रचना क्वचितच असेल. कृत्रिम नियम आणि हानीचा अनुभव यांच्यात अनिवार्य नाते प्रस्थापित झाले आहे की नाही, हा प्रश्न विचारला पाहिजे.

६

आतापर्यंत पाहिलेल्या कवितांत नामदेवांचे अभंग वगळता शोक एका व्यक्तीचा आहे आणि कविता वाचली जाते. शोक समूहाचा असेल आणि कविता गायली जात असेल, तर पुनरावृत्तीला तिसरे कार्य प्राप्त होते. त्याचा विचार करण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. कल्याणच्या पलीकडे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अशा दोन परंपरा शेजारी नांदत आहेत.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या समाजाने जी काव्यपरंपरा बरोबर आणली तिच्या केंद्रस्थानी शाह अब्दुल लतीफ भिटाई (१६८९-१७५२) यांचा 'रिसालो' आहे. त्यातील 'केडारो' हा सूर करबलाच्या शोकाचा आहे, आणि ससुईच्या कथेवरील पाच सूर हे पुन्हूच्या शोधात डोंगर-वाळवंट तुडवणाऱ्या स्त्रीचे विलाप आहेत. या काव्यातील 'बैत' या प्रकारात यमकाची एक वैशिष्ट्यपूर्ण योजना पुष्कळदा आढळते: शेवटच्या ओळीत यमक ओळीच्या अखेरीस न पडता मध्ययतीवर पडते आणि उरलेला तुकडा यमकाविना सुटतो. अभंगातील चौथ्या चरणाशी असलेले याचे साम्य चटकन जाणवावे असे आहे. दोन्हीकडे अपेक्षापूर्ती आधी होते आणि नंतर काही शब्द निराधार उरतात. 'वाई' या गेय प्रकारात 'थल्ह' म्हणजे ध्रुवपद असते, आणि ते गाणाऱ्यांच्या मेळ्याकडून परत परत येते.

ससुईचा विलाप मुळात व्यक्तीसाठी आहे, आणि सूफी अर्थाने आत्म्याचा. परंतु ज्यांचा प्रदेशच सुटला त्यांच्या कानी तो पडतो तेव्हा डोंगरापलीकडे गेलेल्या प्रियाची जागा मागे राहिलेली भूमी घेऊ शकते. संहितेतील एकही शब्द न बदलता हा अर्थ शक्य होतो, तो ध्रुवपदामुळे. ध्रुवपद कथेतील पात्राच्या तोंडून सुटून मेळ्याच्या तोंडी आलेले असते. ते कोणाचे, हा प्रश्न मोकळा राहतो.

याच पट्ट्यात, आणि महाराष्ट्रातील इतर कामगारवस्त्यांत, दुसरी परंपरा भीमगीतांची. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर जलशांच्या आणि गायनपार्ट्यांच्या माध्यमातून शोकगीतांचा मोठा प्रवाह निर्माण झाला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या लोककवींनी त्याला दिशा दिली. या गीतांत ध्रुवपद कोरसकडे असते. मुख्य गायक कडव्यात चरित्र, संघर्ष, ऋण सांगत पुढे जातो; कोरस त्याला पुन्हा हानीच्या वाक्यापाशी आणतो. मात्र येथील ध्रुवपद गडकऱ्यांच्या ध्रुवपदाप्रमाणे मृत्यू नाकारत नाही. ते मृत्यू मान्य करते आणि त्याच आवर्तनात कर्तव्याची आठवण देते. वर्षानुवर्षे ६ डिसेंबरला ती गीते पुन्हा गायली जातात. म्हणजे कडव्यांतर्गत पुनरावृत्तीला पंचांगातील पुनरावृत्तीची जोड मिळते.

वाङ्मयीन समीक्षेने या दोन्ही परंपरांना 'गेय', 'प्रचारकी' किंवा 'लोक' या सदरांत टाकून विलापिकेच्या चर्चेबाहेर ठेवले, हे दोन कारणांनी अयोग्य होय. एक तर ज्या घटकाशिवाय विलापिका उभी राहत नाही तो घटक येथे सर्वाधिक जिवंत आहे. दुसरे असे, की शोक खरा की रचलेला, हा आक्षेप या गीतांपुढे अर्थहीन ठरतो. पाठ केलेले, दुसऱ्याने रचलेले, अनेकदा गायलेले वाक्य म्हणतानाही गाणाऱ्याचा शोक खरा असतो, कारण ते वाक्य एकट्याचे नसते. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतील या भागातल्या वर्गांत सिंधीभाषक आणि मराठीभाषक विद्यार्थी एका बाकावर बसतात. त्यांच्यापुढे अभंगाचा चौथा चरण आणि बैताचा सुटा तुकडा शेजारी ठेवण्याची संधी असताना केवळ रसाचे नाव सांगून पुढे जाणे ही मोठीच हानी आहे.

७

मुक्तछंदाकडे परत येऊन हा विचार पूर्ण करता येईल. छंद आणि यमक सैल झाले की पुनरावृत्तीही नाहीशी होते का? मराठी कवितेचा अनुभव उलट आहे. इंदिरा संत (१९१४-२०००) यांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये निवर्तले. त्यानंतरच्या 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७) या संग्रहांत विलापिका म्हणून घोषित केलेली रचना शोधावी लागते. ध्रुवपदही फारसे नाही. तथापि संध्याकाळ, पाऊस, दिवा, अंगण या मोजक्या गोष्टी एका कवितेतून दुसरीत, एका संग्रहातून पुढच्यात परतत राहतात. पुनरावृत्ती कवितेच्या आतून निघून कवितांच्या दरम्यान गेली आहे. एकेक कविता स्वतंत्रपणे वाचणाऱ्याला तिचा संयम दिसतो. सलग वाचणाऱ्याला त्या संयमाखालचे आवर्तन दिसते.

अनिलांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मराठीत मुक्तछंदाचा पुरस्कार करणारा, 'भग्नमूर्ती' (१९४०) हे दीर्घ काव्य त्या छंदात लिहिणारा हा कवी उत्तरायुष्यात दहा ओळींच्या यमकबद्ध घाटाकडे वळला. कुसुमावती देशपांडे १९६१ मध्ये निवर्तल्या. 'दशपदी' हा संग्रह १९७६ मध्ये आला. त्यातील सर्व कविता शोकाच्या नाहीत आणि घाटाची निवड केवळ शोकामुळे झाली असे म्हणणे सुलभीकरण ठरेल. परंतु ज्या कवीला मुक्त रचना सर्वांत सहज साध्य होती त्याने स्मरणाची कविता लिहिताना ओळींची संख्या आधी ठरवून घेतली, ही वस्तुस्थिती 'छंद म्हणजे बंधन' या समीकरणाला छेद देते. दहा ओळींत थांबावेच लागते. आणि थांबावे लागते म्हणूनच पुन्हा दुसरी दशपदी सुरू करता येते.

या सर्व उदाहरणांतून एक भेद स्पष्ट होतो. छंद बदलता येतो, यमक टाकता येते. विलापिका या प्रकाराला जे टाकता येत नाही ते म्हणजे परतून येणे. ते नामदेवांत मुद्रेच्या रूपाने आहे, गडकऱ्यांत ध्रुवपदाच्या, ख्रिस्टेन्सनमध्ये साखळीच्या, वाईत आणि भीमगीतांत मेळ्याच्या, इंदिरा संतांत प्रतिमांच्या. छंद आणि यमक या परतण्याला वाट आखून देतात आणि त्याला विरोधही करतात. ते पुढे नेतात म्हणून परतणे जाणवते. पुढे नेणारे काहीच नसेल तर पुनरावृत्ती नुसती अडखळ होते. मागे खेचणारे काहीच नसेल तर विलापिका केवळ वृत्तान्त होते. अभ्यासकाने एखादी विलापिका हाती घेतली असता, कवीला किती दुःख झाले होते, याऐवजी तिच्यात काय परत येते, कोठे परत येते आणि परत येताना ते तेच राहते का, हे तीन प्रश्न विचारावेत. शोकाच्या खरेपणाविषयीचे जे काही कवितेतून कळू शकते, ते या प्रश्नांच्या उत्तरांतच सामावलेले असते.